झेंड्यावरचं पान, लाँचवरचं पान

भाषण सेल्विनने केलं. भोंगा गास्तोंने धरला होता. दोन पक्षांचं मिळून एक भाषण, असं त्यांचं ठरलं होतं. मी तेव्हा गप्प बसले. आता बोलते. मी किनाऱ्यावर त्यांच्या लाँचसमोर बसलेय. मला कुठे जायचं नाही आणि त्यांना कुठे जाता येत नाही. तेव्हा ते भाषण पुन्हा पहिल्यापासून सांगते, आणि जिथे मला बोलायचंय तिथे ते तोडते.

*

“माझ्या बंधूंनो, माझ्या भगिनींनो, या मैदानावर आज दोन भाऊ हातात हात घालून—”

थांब. आधी मैदानाचं सांगू दे.

हे मैदान तीन वर्षं बंद होतं. बंद मी केलं होतं. वडाच्या मुळाशी, जिथून मैदानात शिरतात, तिथे मी नामेलेचं पान बांधलं. माशाचा काटा असतो ना, मधे कणा आणि दोन्ही बाजूंना टोकं, तसं दिसतं ते पान. जिथे ते बांधलं तिथे कोणी पाऊल टाकायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. ज्याने बांधलं त्यानेच सोडायचं. आणि कोणीही उठून बांधलं असं चालत नाही, त्याला मान लागतो. मी माबोन. सुळेवाली डुकरं मी माझ्या नावाने मारली आहेत, नवऱ्याच्या नाही, बापाच्या नाही. लाल चटई नेसायचा अधिकार मला आहे.

तीन वर्षं त्या मैदानावर नाच नाही, कोनफळांची रास नाही, लग्न नाही. माझ्या स्वतःच्या मुलीचं लग्न शाळेच्या मागच्या चिखलात लागलं. पाहुण्यांचे पाय घोट्यापर्यंत रुतले. मुलगी त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही, आणि नंतरही बरेच दिवस नाही. झऱ्यावर बायका मला ऐकू जाईल असं बोलायच्या.

“काय गं माबोन, तुझ्या पानाला अजून पालवी फुटली नाही?”

“फुटेल, फुटेल. तिला नातवंडं झाली की त्यांना दाखवेल, हे बघा आजीचं झाड.”

मी घागर भरायची आणि चालू लागायची. मैदान मलाही हवं होतं. पण मैदानापेक्षा मला माझा भाऊ हवा होता.

*

“—आपण एका आईची लेकरं. परक्यांनी आपल्याला दोन शाळांत घातलं, दोन भाषा दिल्या, आणि आपल्या आपल्यात लढवलं—”

थांब, सेल्विन.

परक्यांचं खरं आहे. एक बेट, त्याला दोन मालक. इंग्रजांचा पोलीस वेगळा, फ्रेंचांचा वेगळा. तुरुंगसुद्धा दोन, आणि कुठल्या तुरुंगात भात चांगला मिळतो हे चोराला ठाऊक असायचं. इंग्रजी शाळेत गेलेले शंख पक्षात गेले, फ्रेंच शाळेत गेलेले कासव पक्षात. मी फ्रेंच मिशनजवळची, लग्न होऊन इंग्रजी शाळेच्या घरात आले. म्हणून माझा नवरा ताबी शंखवाला आणि माझा भाऊ बुले कासववाला. त्याने काय झालं? काही नाही. दोघं संध्याकाळी एकाच नारळाच्या करवंटीतून कावाच्या मुळाचा झिंगवणारा रस प्यायचे आणि कोणाचं डुक्कर कोणाच्या बागेत शिरलं यावर वाद घालायचे.

मग मतदान आलं.

मतदानाच्या आदल्या सकाळी बुलेच्या बागेतले कोनफळांचे वेल मुळाशी तोडलेले सापडले. सगळी बाग. ज्याने कोनफळ लावलंय त्याला विचारा, उभा वेल तोडणं म्हणजे काय असतं. घरात शिरून ताटातलं फेकण्याहून ते वाईट. वर्षभराचं अन्न जमिनीत आंधळं होऊन मरतं. दुपारी पोरं आली, हातात कोयते. पुढे कोण होतं? इंग्रज? फ्रेंच? पुढे होता सेल्विन, शंखाचा पुढारी. माझ्या नवऱ्याच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. मला मामी म्हणणारा, माझ्या हातची लापलाप, किसलेल्या कोनफळाची वडी, खाऊन वाढलेला. त्याने बुलेला, त्याच्या बायकोला आणि लेकरांना खोबऱ्याच्या बोटीवर चढवलं. बुलेच्या कानावरून रक्त गळत होतं आणि त्याने कडेवर धाकटी धरली होती.

“कासवाने समुद्रात राहायचं असतं,” सेल्विन ओरडला. सगळे हसले.

आणि गास्तों, तू. कासवाचा पुढारी. तुझा झेंडा बुलेने हातात धरला होता. त्याच्या घरी तू तीन दिवस जेवलास. त्या दिवशी कुठे होतास? वेल तुटलेले दिसले तसा तू मिळेल त्या होडीने निघालास. बुलेला म्हणालास, “मी राजधानीला, विलाला जाऊन तक्रार करतो.” केली असशील. आम्हाला कोणी उत्तर आणून दिलं नाही.

त्याच संध्याकाळी मी पान बांधलं. सगळ्यांसमोर म्हटलं, “ज्याने माझ्या भावाला हाताला धरून बोटीवर चढवलं, त्याने त्याला हाताला धरून उतरवावं. तोवर हे मैदान बंद.”

*

“—आणि म्हणून विलामध्ये आम्ही दोघांनी, आपल्या रीतीप्रमाणे, डुक्कर मारून मागचं सगळं—”

इथे मात्र मला ओरडायचं होतं. ओठ चावून बसले होते.

ते डुक्कर आम्ही रेडिओवर ऐकलं. दोन्ही पक्ष एक झाले, मिळून सरकार करणार, परके जाणार, आपला देश होणार. मला आनंद झाला नाही असं कोण म्हणेल? ताबी तर नाकामालमधून, पुरुषांच्या बैठकीच्या घरातून, परत येताना गात होता. मग सांगितलं की राजधानीत फुटबॉलच्या मैदानावर दोन्ही पुढाऱ्यांनी एकमेकांसाठी डुक्कर मारलं आणि सगळ्या बेटांवरची सगळी भांडणं मिटली.

सगळी? कोणाची? सेल्विनने गास्तोंचं काय तोडलं होतं? गास्तोंच्या कानावरून कधी रक्त गळलं? ज्यांना खरचटलंसुद्धा नव्हतं ते दोघं एकमेकांना मिठी मारत होते आणि फोटो निघत होते.

आज सकाळी ते आले. दोघं एकाच लाँचमधून उतरले, एकसारखे पांढरे शर्ट घालून. झेंडा चढवायचा होता, आणि अख्ख्या गावात त्याला साजेशी जागा एकच. तिच्या तोंडाशी माझं पान. नवं होतं, दर वेळी वाळलं की मी बदलायची. मी वडाखाली चटई विणत बसले होते. मुद्दामच.

“मामी, कशी आहेस? वाळलीस गं,” सेल्विन म्हणाला.

“तू नाही वाळलास.”

“विलाचा भात, काय करणार.” तो उकिडवा बसला. “मामी, आजचा दिवस मोठा आहे. पान काढ.”

“बुले कुठाय?”

“अक्का, मी सांगतो,” गास्तों मधे पडला. तो आमच्या बाजूचा, म्हणून अक्का म्हणतो. “बुले सान्तो बेटावर आहे, ठीक आहे. आपली हाकललेली बरीच माणसं आहेत तिथे, एका गोदामात. आम्ही त्यांना विसरलो नाही. विलाच्या डुकराची एक तंगडी आम्ही खास बोटीने त्यांना पाठवली.”

“मग?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सेल्विन म्हणाला, “मग त्यांनी खाल्ली, मामी. बुलेमामानेही खाल्ली.”

माझ्या हातातली केवड्याची पात तिथेच राहिली. जमलेली माणसं पुढे सरकली. आमच्याकडे हे लहान पोरालाही कळतं. ज्याच्याशी भांडण आहे त्याने मारलेलं डुक्कर तुम्ही खाल्लंत की भांडण मिटलं. खाऊन मग रुसता येत नाही.

“त्याला सांगितलं होतं का, कशाचं मांस आहे ते?” मी विचारलं.

“मामी, तंगडी ती तंगडी.”

“अरे, सांगितलं होतं का?”

गास्तों खाकरला. “गोदामात बरेच दिवस फक्त डब्यातले मासे मिळत होते, अक्का. बोट आली, मांस आलं. माणसं भुकेली होती. भाषण करायला वेळ कोणाला होता?”

बघा. भुकेल्याच्या तोंडात तह कोंबला. कोयता घेऊन आला होतास तेव्हा निदान समोरून आला होतास, सेल्विन.

मला थुंकायचं होतं. पण रीत माझी सोय बघून बदलत नाही. रीत माझीही आहे, आणि तीन वर्षं मी तिच्याच जोरावर अख्ख्या गावाला चिखलात नाचवलं होतं. भाऊ खाऊन बसला होता. कळून असो, न कळून असो.

“बरं,” मी म्हटलं. “खाल्लं. मिटलं. पण ज्याने खाऊ घातलं त्याने पुढे काय करायचं असतं? सांग की सेल्विन. तुझ्या आजोबांनी मला सांगितलं होतं, तुलाही सांगितलं असेल.”

मागून कोणीतरी म्हातारं बोललं, “हाताला धरून घरी न्यायचं. त्याच्या चटईवर बसवायचं.”

“तेच. तो तुझ्या लाँचमध्ये का नाही?”

“आणणार आहोत गं. सगळ्यांनाच आणायचंय. आधी सरकार बसू दे.”

“त्याच्या बागेत तुझ्या भावांनी खोबऱ्याची भट्टी घातलीय. ती काढणार?”

आता गास्तों जमिनीकडे बघून बोलला. “अक्का, ते करारात आहे. सध्या जो जिथे आहे तो तिथेच राहील. दोन्ही पक्षांनी मानलंय. नाहीतर प्रत्येक बेटावर पुन्हा कोयते निघतील. पुढे समिती नेमू.”

“दोन्ही पक्षांनी?”

“हो.”

“तूसुद्धा? बुलेची बाग तू यांना देऊन आलास?”

“दिली नाही, अक्का. सध्या...”

“तीन दिवस जेवलास रे त्याच्याकडे.”

ताबी इतका वेळ वडाला टेकून उभा होता. तो हळूच म्हणाला, “माबोन, खाल्लंय त्याने. सोड आता.”

मी उठले. पान सोडलं. फेकलं नाही, गुंडाळून चटईत ठेवलं. झऱ्यावरच्या त्याच बायकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि माणसं तीन वर्षांनी मैदानात शिरली. काही जण जाताना माझ्या खांद्याला हात लावून गेले. मयताच्या घरी लावतात तसा.

*

“—ज्यांचं जे काही नुकसान झालं असेल, त्यांनी मन मोठं करून—”

थांब, थांब, थांब.

मन मोठं करायचं काम नेहमी ज्याचं नुकसान झालं त्यालाच का लागतं? तुम्ही दोघांनी मनं जरा मोठी केली असतीत तर त्यात एक बाग मावली असती, एक माणूस, त्याची बायको, त्याची लेकरं. तुमचा देश होणार म्हणून मी रडले होते, रेडिओजवळ बसून. तुम्ही एक झालात याचा मला राग नाही. माझ्या भावाच्या अंगावर पाय ठेवून एक झालात, याचा आहे. काल एकाने त्याला हाकललं आणि दुसरा पळाला. आज दोघं मिळून त्याला तिथेच ठेवताहेत. पूर्वी निदान अर्धे पुढारी तरी त्याचे होते.

*

“—आणि हा पाहा आपला झेंडा! याच्यावर काय काढलंय? तलवार नाही, मुकुट नाही, सिंह नाही. आपलं पान! आपल्या वाडवडिलांचं नामेलेचं पान! या पानाचा जो मान राखणार नाही तो या देशाचा नाही!”

इथे मी भाषण तोडत नाही. हे वाक्य पुरं राहू दे. भोंग्यातून बोललंय, अख्ख्या गावाने ऐकलंय, टाळ्या वाजल्यात. सगळ्यात जोरात मी वाजवल्या.

झेंडा वर गेला. वारा पडलेला होता, तरी मधूनमधून उलगडायचा आणि पान दिसायचं. छान काढलंय. खरंच छान काढलंय.

मग गरम दगडांवरची लापलाप उघडली. नारळाच्या दुधाचा वास मैदानभर पसरला. सेल्विनने माझ्यासाठी केळीच्या पानात वाढून घेतलं आणि मला शोधत होता, असं नंतर कळलं. मी तेव्हा उतरणीवर होते, चटई काखेत धरून.

किनाऱ्यावर लाँचवाला आरू नीरफणस भाजत बसला होता. अंबाए बेटाचा माणूस, बोलघेवडा.

“काय मावशी, जेवण सोडून इकडे?”

“तुझ्या लाँचला जरा सजवते.”

“सजवा की. फुलं आणली का?”

मी पान काढलं आणि पुढच्या दोराच्या गाठीवर बांधलं. तीन वर्षांची सवय, हात आपोआप चालले. आरूच्या हातातला फणस वाळूत पडला.

“मावशी! अहो, हे काय? मला उद्या विलाला पोचायचंय.”

“तुझ्यावर राग नाही बाळा. तू लाँचपासून लांब बस. भांडण मिटलं म्हणून मी मैदानावरचं पान काढलं. पण ज्याने खाऊ घातलं त्याने घरी आणायचं असतं, आणि यांनी आणलं नाही. हे पान त्यासाठी आहे.”

*

ते आले तेव्हा सगळं गाव मागे होतं, निरोप द्यायला. शंखनाद चालला होता. आधी तो थांबला, मग हसणं थांबलं.

“आरू, काढ ते,” सेल्विन म्हणाला.

“मी नाही साहेब.”

“तू चर्चमध्ये गातोस ना दर रविवारी? मग पानाला कशाला भितोस?”

“गातो. पुढच्या रविवारीही गायचंय. म्हणून हात लावत नाही.”

सेल्विन स्वतः पुढे झाला. पाण्यात गुडघाभर शिरला. हात वर केला. झाडांच्या वरून त्याचा झेंडा दिसत होता. त्याचा हात दोरापाशी गेला, तिथे थोडा वेळ राहिला, आणि त्याने तो शर्टाला पुसला, जणू काही चिकटलं होतं.

मग एकी फुटायला वेळ लागला नाही.

“तुला मी म्हटलं होतं, त्या बुलेला घेऊन येऊ,” गास्तों म्हणाला.

“कधी म्हटलंस? तूच म्हणालास, एकाला आणलं तर सगळे मागे लागतील!”

“बाग कोणाच्या भावांनी घेतली? माझ्या?”

“आणि पळालं कोण होतं?”

“ए, पळालं म्हणू नकोस—”

गावातली माणसं वाळूत बसली. चांगलं भाषण चाललं होतं, आणि भोंग्याची गरज नव्हती. दमल्यावर दोघं माझ्याकडे वळले. त्यात मात्र ते पुन्हा एक झाले.

“मामी, तू देशाचा अपमान करतेयस!”

“अक्का, जग काय म्हणेल?”

“जगाला सांगा, पानाचा मान राखतोय. भाषणात होतं की ते.”

मागून एक बाई हसली. झऱ्यावरचीच.

मिशनमध्ये रेडिओ आहे, सान्तोशी बोलता येतं. ऊन कलायच्या आत सेल्विनने निरोप धाडला, की बुलेने मुलाबाळांसह पहिल्या बोटीने यावं, तो स्वतः किनाऱ्यावर उभा राहील. आम्ही वाट बघत बसलो. फादर उत्तर घेऊन धापा टाकत खाली आले.

“बुले विचारतोय,” ते म्हणाले, “येऊन कुठे बसू? बाग कोणाची आहे?”

माझा भाऊ. भुकेला असताना त्याला फसवता आलं. पोट भरलं की त्याच्याशी बोलणं सोपं नाही, हे मी लहानपणापासून जाणते.

सगळ्यांनी सेल्विनकडे पाहिलं. त्याने गास्तोंकडे पाहिलं. गास्तोंने करार खिशातून काढला नाही. उलट खिशावर हात ठेवला, जणू तो आपणहून बाहेर येईल. सेल्विनचे दोन्ही भाऊ गर्दीत होते. त्यांना बघायला वाळूशिवाय जागा नव्हती.

“मामी,” सेल्विन हळू आवाजात म्हणाला, “भट्टी काढली तर पान काढशील?”

“भट्टी काढली तर बुले येईल. बुलेला तू हाताला धरून उतरवलंस, वर नेऊन बसवलंस, की पान काढेन.”

मग त्याने भावांकडे न बघता हाताने डोंगराची वाट दाखवली. थोरला काहीतरी पुटपुटला. सेल्विन त्याच्यावर असा ओरडला की शंखवाला पक्ष तिथेच मोडतो की काय असं वाटलं.

आता वरून पत्रे उचकटल्याचा आवाज येतोय. एकेक पत्रा खाली पडतो आणि दरीत घुमतो. बोट परवा येईल म्हणतात. वेल नव्याने लावावे लागतील, आणि त्यांना कोनफळं धरायला त्यांचा वेळ लागेल. त्याला सरकार काही करू शकत नाही.

ताबी मघाशी आला. लापलापचा तुकडा माझ्यापुढे ठेवला आणि माझ्या चटईच्या काठाला बसला.

ऊन उतरल्यावर दोघे पुढारीही जवळ आले. पांढरे शर्ट चिंब झाले होते.

“मामी, जरा सरकतेस? आम्हालाही बसू दे चटईवर.”

“बुले बसल्यावर,” मी म्हटलं. “तोवर वाळू आहे की.”